कागद का घेतलेस?

"मामा, पेपरला तू काही पाठवू नकोस," आस्लॉग म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला.

घर केटिलचं, कॉफी केटिलची, पण भाची अशी बसली होती की पाहुणा तोच वाटावा. त्याची धाकटी बहीण ओड्नी रविवारी गेली होती. शनिवारी ग्रावीकला, म्हणजे त्यांच्या जन्मगावी, तिला माती द्यायची होती. आस्लॉग शवपेटी ठरवायला राजधानीत, रेक्याविकला आली, ती तिथून थेट मामाकडे.

"न पाठवून कसं चालेल? सख्खी बहीण आहे माझी."

"होती."

आमच्याकडे माणूस गेलं की मातीच्या दिवशी पेपरात त्याच्यावर लिहून येतं. मुलं लिहितात, शेजारीपाजारी लिहितात, शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण लिहिते. लिहिणारे थेट मेलेल्या माणसाशीच बोलतात, जणू ते माणूस पेपर उघडून वाचायला बसलंय. देश एवढासा. सगळे आधी ती पानं वाचतात आणि मग हवामान. त्यातही कोणी लिहिलं यापेक्षा कोणी नाही लिहिलं यावरच चर्चा जास्त. बारा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या भावाचंच नाव तिथे नसेल, तर झालंच की मग!

"लोक काय म्हणतील, आस्लॉग?"

"लोकांचंच बघ तू. जन्मभर तेच बघत आलास." बोलावं की नको अशा विचारात तिने कपाची कड पुसली. "आई जायच्या आधी एक सांगून गेलीय. म्हणाली, केटिलला लिहायचंच असेल तर त्या दिवशी कागद का घेतलेस ते लिही म्हणावं. ते जमणार नसेल तर गप्प बस म्हणावं. कसले कागद, ते काही बोलली नाही. म्हणाली, त्याला कळेल."

केटिलला कळलं. त्याने हातातला कप बशीवर ठेवला.

"कळलं ना?"

"हो."

"मग बुधवारी दुपारपर्यंत पेपरला द्यायचंय. तू आणि तुझं मन." तिने कोट चढवला, दारात वळून त्याच्या गालाला गाल लावला आणि निघून गेली. राग होता, पण पोर आईसारखीच, रीत सोडणारी नव्हे.

केटिल जाळी विणणाऱ्याचा मुलगा. भूगोलाचा मास्तर झाला. मग दर रविवारी रेडिओवर जुन्या गोष्टी सांगायला लागला, आणि अख्खा देश विणकाम करत ऐकायला लागला. त्या आवाजावरच तो निवडून आला. आवाजावर आणि ओड्नीवर. ओड्नी ग्रावीकच्या कारखान्यात मासे कापायची. तिने रजा टाकली आणि गमबूट घालून तीन खोरी पालथी घातली. दार उघडलं की म्हणायची, "माझा भाऊ आहे. खोटं बोलत नाही. कॉफी असेल तर बसते."

राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही तो सकाळी पोहायच्या तलावावर गरम पाण्याच्या कुंडात मानेपर्यंत बुडून बसायचा, आणि शेजारी बसलेला प्लंबर त्याला देश कसा चालवावा ते शिकवायचा. पोरंसोरं रस्त्यात "काय केटिल!" म्हणायची. आमच्याकडे साहेबबिहेब कोणी कोणाला म्हणत नाही. झाडं लाव, पूल उघड, भाषण कर, संसदेने पाठवलेल्या कायद्यावर सही कर. सगळं कसं नाकासमोर चाललं होतं.

तिसऱ्या वर्षी तो मासेमारीचा कायदा आला. कुठल्या होडीने वर्षाला किती मासे धरायचे, तो वाटा आता कोणालाही विकता येणार होता. म्हणजे मोठी कंपनी येणार, वाटा उचलून दूरच्या बंदराला नेणार, आणि ग्रावीकच्या होड्या खुंटीला बांधलेल्या राहणार. मासेच नाहीत तर कारखाना कसला, आणि कारखाना नाही तर गाव कसलं! राष्ट्राध्यक्षाने सही नाकारली असती तर कायदा जनतेच्या मतदानाला गेला असता. तेवढा एक अधिकार त्याच्या हातात होता. आजवर कोणी तो वापरला नव्हता.

मंगळवारी सकाळी कोणीही येऊन राष्ट्राध्यक्षाला भेटू शके. त्या मंगळवारी ओड्नी आली. दोन दिवसांचा प्रवास करून, सगळ्यांसारखं नाव नोंदवून, रांगेत बसून. त्याने तिला सोनेरी काठाच्या कपात कॉफी दिली.

"हे काय रे, दोन घोटांत संपतंय," ती म्हणाली आणि पिशवीतून कागद काढले. "त्र्याण्णव सह्या आहेत. गावातलं एकही जाणतं माणूस सुटलेलं नाही. एक म्हातारा अंथरुणाला खिळलाय, त्यानेही केलीय. आम्हाला फक्त मतदान दे, केटिल. हरलो तर हरलो."

"आजवर कुठल्या राष्ट्राध्यक्षाने असं केलेलं नाही, ओड्नी."

"आजवर जाळीवाल्याच्या पोराला कोणी राष्ट्राध्यक्षही केलं नव्हतं."

तो हसला. कागद घेतले, एकेक सही पाहिली, आणि म्हणाला, "विचार करतो."

आणि सही त्याने आदल्या संध्याकाळीच केली होती.

दुसऱ्या खोलीत टेबलावर कायदा पडला होता, शाई वाळलेला. ते तोंडावर सांगायची छाती झाली नाही. ती मात्र उजळलेल्या चेहऱ्याने गेली. जाताना म्हणाली, "मला माहीत होतं रे, तू विचार तरी करशील."

पुढे ओड्नीने कधीतरी वाचनालयात बसून सरकारी राजपत्र काढलं आणि सहीची तारीख बघितली. तेव्हापासून ती त्याला "राष्ट्राध्यक्ष" म्हणू लागली. सगळा देश केटिल म्हणत होता, आणि सख्खी बहीण नाताळच्या जेवणात म्हणायची, "राष्ट्राध्यक्षांना बटाटे द्या." लोकांना वाटायचं चेष्टा आहे. गावात तिने एका शब्दाने काही सांगितलं नाही. गाव सव्वीस वर्षं समजत राहिलं की केटिलने आपले कागद वाचले, विचार केला, आणि मग नाइलाजाने सही केली. गावाच्या सभागृहात अजून त्याचा फोटो होता. तो फोटो तिने राखला होता, स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून.

भाची येऊन गेल्यावर मंगळवारी केटिल लिहायला बसला. पहिल्यांदा बालपण लिहिलं, कॉड माशाचं सुकट, आईचे लोकरीचे मोजे. छान उतरलं. रेडिओवर वाचलं असतं तर म्हाताऱ्या रडल्या असत्या. त्याने ते फाडलं. दुसऱ्यांदा पदाची जबाबदारी, परंपरा असं काय काय लिहिलं. वाचल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. बायको असती तर म्हणाली असती, "केटिल, जेव आधी." ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. तसाच उपाशी तो बुधवारी सकाळी पुन्हा टेबलाशी बसला, आणि मग अकरा ओळीच लिहिल्या.

"ओड्नी, तू विचारलंस म्हणून सांगतो. तू आलीस तेव्हा सही झालेली होती. पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक होती. मी नकार दिला तर माझ्याविरुद्ध कोणीतरी उभं राहील, या भीतीने मी सही केली. दुसरं कारण नाही. त्या पदाची मला गोडी लागली होती. कागद घेतले, कारण तुझ्या नजरेतून उतरायचं धाडस नव्हतं. ग्रावीकच्या लोकांनो, मी क्षणभरही विचार केला नव्हता. ते कागद माझ्या कपाटात आहेत. वर्षातून एकदा काढतो आणि परत ठेवतो. तू हे कोणाला सांगितलं नाहीस. सांगायला हवं होतंस गं. तुझा भाऊ, केटिल."

लिहिलेलं त्याने पेपरला पाठवून दिलं. मग म्हातारा हुंदके देऊन रडला.

शनिवारी केटिल ग्रावीकच्या चर्चमध्ये आला. पेपर सकाळच्या गाडीने आला होता आणि मातीनंतरच्या कॉफीसाठी मागच्या बाजूला मांडलेल्या टेबलांवर उघडा पडला होता. बायका केक कापत होत्या. तो आत शिरला तेव्हा सुऱ्या थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या. आस्लॉगने त्याचा हात धरून त्याला पहिल्या बाकावर नेलं. तिचे डोळे सुजले होते. "वाचलं," एवढंच ती म्हणाली. गाणी झाली, प्रार्थना झाली.

पेटी उचलायची वेळ आली आणि घोडं अडलं. सहा कड्या होत्या. आस्लॉग, तिचा नवरा, शेजारच्या खोऱ्यातले दोन भाऊ, आणि ग्रीमुर. हा ग्रीमुर ओड्नीबरोबर दारोदार सह्या गोळा करत फिरला होता. त्याची होडी पुढे चिरून सरपणाला गेली. आता तोही पंच्याहत्तरीचा. सहावा माणूस कोण? बाकांवर सगळ्या काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या. पाद्रीबाई इकडेतिकडे बघायला लागल्या.

ग्रीमुर पहिल्या बाकासमोर येऊन उभा राहिला. त्याने केटिलला विचारलं.

"कंबर कशी आहे तुझी?"

"बरी नाही."

"माझीपण नाही. डावीकडची कडी मोकळी आहे."

केटिल उठला. कडी थंड होती. ओड्नी तशी किरकोळ अंगाची, पण पेटी चांगलीच जड लागली. बाहेर वारा होता, आणि स्मशान टेकडीवर. पडदे काढलेल्या घरांवरून, बंद शाळेवरून वाट जात होती. मागून येणारी माणसं मोजायला एक नजर पुरली. पहिल्या वळणावर त्याला धाप लागली, खांदा निखळतोय असं वाटलं.

"ग्रीमुर, खाली ठेवू या का जरा?"

"नको," पुढे बघतच ग्रीमुर म्हणाला. "ठेवली तर पुन्हा उचलायला माणसं आहेत का इथे?"

केटिलने दुसरा हातही कडीला लावला. चढ अजून बराच होता.