एकोणतीस अक्षरांचं "छ्या"

माझी मावशी रफू करते. तिने बुजवलेलं भोक मला भिंगातूनही सापडत नाही, आणि कुणी वाहवा केली की ती म्हणते, "छ्या! त्यात काय एवढं?" या "छ्या"ने माझं डोकं फिरतं.

परवा तर कहरच झाला. वस्त्रकलेच्या कॉलेजातल्या बाईंचा तिला फोन आला. सहा मुलींना रफू शिकवाल का, आज सहापर्यंत कळवा, नाहीतर तो तास दुसऱ्या विषयाला जाईल. मावशीचे डोळे हल्ली दुपारीच थकतात. तिच्यानंतर ही सुई धरणारं आमच्या ओळखीत कुणी नाही. तरी मावशीने मला फोनवर सुनावलं, "नाही म्हणणार आहे मी. शिकवण्यासारखं काय आहे त्यात?"

मी शब्दकोशाच्या कचेरीत प्रुफं तपासते. पाच वाजता तडक तिचं दुकान गाठलं. जिन्याखालची एवढीशी खोली, दोघं बसली की तिसऱ्याने उभंच राहायचं. ती एका कोटाच्या कोपराला डोळे लावून बसली होती.

"तुझ्या रोगाला इंग्रजीत नाव आहे," मी म्हटलं. "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन."

"अगं बाई! औषध आहे का त्यावर?"

"एखादी गोष्ट कस्पटासमान लेखायची, असा अर्थ. एकोणतीस अक्षरं."

"एवढ्यासाठी? माझं 'छ्या'त भागतं."

हसू आवरून मी पुढे रेटलं. लॅटिनच्या जुन्या व्याकरणात कवडीमोल गोष्टींसाठी वापरायच्या शब्दांची यादी असायची. त्यातले चार कुणीतरी, बहुधा गमतीनेच, एकापुढे एक जोडले आणि वर शेपूट लावलं. "पहिला लोकरीचा पुंजका. दुसरा क्षुल्लक वस्तू. तिसरा काहीच नाही. चौथा केस."

मावशीची सुई थांबली. "केस? केसाला किंमत नाही? कुणी ठरवलं हे?"

"मोठे विद्वान होते."

"मेल्यांनी सुई धरली होती का कधी?" तिने खण ओढून दोन काड्यापेट्या माझ्यासमोर आपटल्या. एकीत करडे पुंजके, दुसरीत केसांची वेटोळी. "हा पुंजका याच कोटाच्या आतल्या शिवणीतला. बाहेरची लोकर कितीही जुळव, उजेडात चुगली करतेच. आणि तलम रेशमाला धागा जाड होतो. तिथे केसच लागतो, तोही बिनतेलाचा. तुझ्या गळ्यातला स्कार्फ बघ. तुझ्या आईने त्यावर ठिणगी पाडून घेतली होती. तिच्याच केसाने भरलंय मी ते भोक."

आईला जाऊन सात वर्षं झाली. तिचा काळा रेशमी स्कार्फ मी दर हिवाळ्यात घालते. मी तो उतरवला, दिव्याखाली धरला, बोटांनी चाचपला. काही सापडेना. मला रडूच आलं.

"कुठे आहे, मावशी?"

तिने माझं बोट धरून एका जागी टेकवलं. मला तरीही काही लागलं नाही, पण मी बोट उचललं नाही.

"हे त्या सहा जणींना कोण सांगणार?" मी विचारलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. चष्मा कपाळावर सरकवून तिने फोन लावला.

"बाई, मी येते शिकवायला. आणि मुलींना एक सांगून ठेवा. उद्यापासून फणीतले केस टाकायचे नाहीत. जपून घेऊन यायचे."