सर्व्हर सुरू झाला तो दिवस

रुग्णालयाच्या तळघरातला जुना सर्व्हर बंद पडला आणि वरच्या मजल्यावरचे कॅन्सरचे शेक थांबले. शेक देणारं यंत्र धडधाकट होतं. पण कोणत्या पेशंटला, कुठून आणि किती किरण द्यायचे हे त्याला सांगायचं काम सर्व्हर करायचा. तो गप्प, म्हणून तेही गप्प. बाहेरची बाकडी मात्र रोजच्यासारखी भरलेली.

रुग्णालयात कॉम्प्युटर बघणारी बाई एकटीच होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिची आत्या तेवढी चिमे म्हणायची. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं होतं, आणि आता आत्याही त्याच बाकड्यावर होती. जिभेच्या मुळाशी गाठ. निम्मे शेक झाले होते, निम्मे अडकले होते.

"काय गं चिमे, उठला का तुझा म्हातारा?"

"उठवतेय."

"उठव बाई. नाहीतर माझ्याआधी तोच नंबर लावायचा."

शेजारी बसलेला रंगारी हसला. हसताना त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज आला. त्याची गाठ घशातच होती. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहू दिला.

सर्व्हरची डिस्क गेली होती. पेशंटची माहिती दुसरीकडे साठवलेली होती, ती शाबूत होती. मॅडमनं जुनीच पण चांगली डिस्क मिळवून बसवली. आता त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं चढवायची, एवढंच. पण त्या एवढ्याशानं तिच्या नाकी नऊ आणले. सीडीचा ट्रे बाहेर येईना. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायची अक्कल त्या मशीनला नव्हतीच. नव्या मशीनवर शेकाचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. राहिला एकच मार्ग, नेटवर्कचा. सर्व्हर चालू होताना तारेवरून हाक मारणार, 'मला पत्ता द्या, फाइल द्या.' तिच्या लॅपटॉपनं ओ द्यायची आणि सगळं सामान त्याच तारेनं पाठवायचं.

सर्व्हरनं हाक मारली, वाट पाहिली आणि नाद सोडला. लॅपटॉपकडे हाक पोचल्याची खूणसुद्धा नव्हती. तिनं केबल बदलली, लॅपटॉपची सेटिंग पुसून पुन्हा केली. पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ती फरशीवर बसली आणि भिंतीवरच्या नेटवर्क स्विचचा दिवा बघत राहिली. केबल जागी झाली की दिवा बराच वेळ पिवळा राहायचा. तो हिरवा व्हायचा तोवर सर्व्हरनं आशा सोडलेली असायची. भिंतीवरचा हा नवा स्विच आधी तार तपासायचा आणि मगच वाट मोकळी करायचा. म्हाताऱ्याला तेवढा धीर नव्हता. तिनं भंगाराच्या कपाटातून एक साधा, छोटा स्विच काढला. चौकशा न करणारा. तो मधे जोडला आणि हाक पोचली.

उत्तरही आलं, पण भलत्याचंच. शेजारच्या ऑफिसातला वायफायचा डबाही पत्ते वाटायचा. तो लॅपटॉपच्या आधीच तोंड घालायचा. पत्ता द्यायचा, पण फाइल कुठून देणार? मग तिनं छोटा स्विच रुग्णालयाच्या जाळ्यातून पूर्ण सोडवला. फक्त सर्व्हर आणि लॅपटॉप, तिसरं कोणी नाही. काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सिस्टिम चढवणारा इन्स्टॉलर म्हणाला, डिस्क सापडत नाही.

डिस्क समोर होती, तिचा दिवा लुकलुकत होता. पण ती ज्या कार्डाला जोडली होती, त्याची ओळख सिस्टिमच्या नव्या आवृत्तीनं पुसून टाकली होती. म्हणजे जुनी आवृत्ती शोधायची, उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

ती आवृत्ती लॅपटॉपवर उतरत असतानाच शेक विभागाच्या डॉक्टरीणबाई तळघरात आल्या.

"आज होईल?"

"होईल असं छातीठोक नाही सांगू शकत."

"रंगाऱ्याचा श्वास अडकायला लागलाय. तीन ठिकाणी फोन केले, कुठंच जागा नाही. तुमचं झालं की सगळ्यात आधी तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या आवृत्तीला डिस्क दिसली. दुपारपर्यंत सॉफ्टवेअर चढलं, पेशंटची माहिती परत आली. डॉक्टरीणबाईंनी यादी केली. प्रत्येकाचा आराखडा पुन्हा ताडून बघायचा होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मोजकेच पेशंट होणार होते. रंगारी पहिला. आत्या शेवटची.

मॅडमनं यादी पाहिली. शेवटचा नंबर म्हणजे राहिलाच तर आत्याचाच राहणार, हे तिला दिसत होतं. तिनं डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं.

"आत्याला आधी घ्याल? एवढंच मागतेय."

"अहो, तो..."

"आजच होईल ना त्याचंही. फक्त अदलाबदल."

डॉक्टरीणबाई तिच्या धुळीनं माखलेल्या हातांकडे बघत राहिल्या. सगळा विभाग या बाईनं उठवला होता. त्यांनी मान हलवली.

आत्याचा शेक झाला. आणखी दोघांचा झाला. आणि सर्व्हर गोठला. मॅडम जिन्यावरून धावत खाली गेली. डिस्कच्या त्याच कार्डानं पुन्हा मान टाकली होती. दुरुस्तीला उद्याची सकाळ उजाडणार होती. रंगारी आणि त्याची बायको उठले, आपली पिशवी घेतली आणि घरी गेले. कोणी तक्रार केली नाही.

सकाळी सर्व्हर नीट झाला. रंगारी आला नाही. पहाटे घरीच त्याचा श्वास कोंडला आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"एका शेकानं काही फरक पडला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "बहुधा."

काही दिवसांनी रंगाऱ्याची बायको त्याचे रिपोर्ट न्यायला आली. कोणीतरी मॅडमकडे बोट दाखवलं. ती जवळ आली, दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"मशीन तुम्हीच चालू केलंत ना? आमचं नशीब खोटं, पण बाकीच्यांचा जीव वाचवलात."

मॅडमनं हात सोडवून घेतला. आत्या बाकड्यावरून बघत होती. घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"त्या दिवशी माझा नंबर पहिला कसा लागला?"

"मी सांगितलं होतं."

"कोणाच्या जागी?"

"रंगाऱ्याच्या." आत्या हळूच खुर्चीवर टेकली.

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतंस."

रविवारी आत्या म्हणाली, "चल." दोघी रंगाऱ्याच्या घरी गेल्या. बायकोनं दार उघडलं, तिला वाटलं भेटायला आल्या. ती आत बोलवत होती, पण मॅडम उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. यादी, अदलाबदल, सगळं. तिनं काही वगळलं नाही.

बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बराच वेळ ती दाराची कडी बोटांनी मागेपुढे करत राहिली.

"मी रोज स्वतःला समजावत होते," ती म्हणाली, "की मशीन बंद होतं, कोणाचा दोष नाही. तेवढ्यावर मला झोप लागत होती." तिनं मॅडमकडे पाहिलं. "आता तुम्हाला लागेल. माझं काय?"

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

परतताना आत्या पुढं आणि ती मागं चालत होती. कोपऱ्यावर आत्या दम घ्यायला थांबली. मॅडमनं हात पुढं केला. आत्यानं तो धरला नाही, भिंतीला टेकली.

"उरलेले शेक मी घेईन," ती म्हणाली. "वाया घालवायचा हक्क मला नाही. पण उद्यापासून मी एकटी येईन, एकटी जाईन. तू खाली तुझं काम बघ."

दुसऱ्या दिवशी आत्या पहिल्या बसनं एकटीच रुग्णालयात गेली. मॅडम तिच्यामागून पोचली, तळघरात उतरली आणि दिवा लावून सर्व्हरसमोर बसली. वर एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. आत्याचं नाव कधी येतंय, हे ती कान देऊन ऐकत राहिली.