सात वाजून चौदा मिनिटं

गंगाराम यांना ग्रुपमधून काढायचं का, असं मोबाईल विचारत होता आणि सुकदेवचा अंगठा उत्तरावर येऊन थांबला होता. रविवारची दुपार होती. कारखान्याचे लूम बंद, पंखा फुल्ल, टीव्हीवरची मॅच हातातून चाललेली, आणि पुढ्यातल्या ताटाकडे बघायला या माणसाला वेळ नव्हता.

"जेवी ल्या ना," त्याची बायको शोभाबाई म्हणाली. "भाजी गार व्हयनी."

"थांब जरा."

त्याने अंगठा टेकवला. गंगाराम ग्रुपमधून गेला. मग सुकदेवने भाकरी मोडली आणि मोठी लढाई मारून आल्यासारखा जेवायला लागला.

ग्रुपचं नाव ‘खान्देश क्रिकेट, नवागाम’. माणसं एकशे चाळीस, ॲडमिन एकटा सुकदेव. सहा वर्षांपूर्वी त्यानेच तो काढला होता, आणि चांगल्या मनाने काढला होता, ते नाकारून चालणार नाही. शंभर लूम एका छपराखाली धडधडत असताना कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही, तिथे कॉमेंट्री कुठली ऐकता? म्हणून ज्याला सुट्टी असेल त्याने स्कोअर टाकायचा आणि पाळीवरच्यांनी धागा जोडता जोडता एक नजर मारायची. एवढंच. पुढे निवडणुका आल्या आणि या सरळ कामाची माती झाली. कोण कुठल्या पार्टीचा हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडलंही नव्हतं. आता जो तो दुसऱ्याच्या सिक्सरमध्येही झेंडा शोधायला लागला.

त्या रविवारी झालं ते असं. सीमारेषेवर एका नावाजलेल्या खेळाडूच्या हातून सोपा कॅच सुटला. हा गडी मागच्या निवडणुकीत एका पार्टीच्या ट्रकवर चढून फिरला होता. पार्टी सुकदेवची. गंगारामने लिहिलं, "ट्रकवरून हात हलवून हलवून बोटं सैल पडली भाऊची." वीस-पंचवीस जण हसले. खरं तर सुकदेवलाही हसू आलं होतं. पण गजेंद्रला झोंबलं. हा गजेंद्र डिंडोलीकडे मोबाईलचं दुकान चालवायचा, लूमचं तोंड त्याने कधी बघितलं नव्हतं, पण ग्रुपवर सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याने लिहिलं, "तुम्ही लोक फुकटचं खाऊन माजलात. माणसाचा स्वभावच असतो, ज्या ताटात खायचं त्यालाच भोक पाडायचं."

गंगारामने एकच ओळ विचारली, "तुम्ही लोक म्हणजे कोण?"

सगळ्यांना समजलं होतं. गंगारामच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, हे ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं? एकशे चाळीस जण चिडीचूप. गंगारामने तीच ओळ पुन्हा टाकली. मग तिसऱ्यांदा टाकली. गजेंद्र आपल्या पार्टीचा, त्याला काढलं तर उद्या तो दुसरा ग्रुप काढील आणि निम्मी माणसं ओढून नेईल. सुकदेवने काढलं ते विचारणाऱ्याला. मॅचही त्याच ओव्हरला हातची गेली.

"कोणले काढं?" शोभाबाईने विचारलं.

"गंगारामले."

"आन कसाले? त्यानी काय चूक व्हती?"

"तुले नही समजाव."

"माले नही समजाव," ती ताट उचलत म्हणाली. "आठ वरीस पासीन तो तुमना जोडीदार शे, हाई समजस माले."

जोडीदार ही लूमवरची गोष्ट आहे, नीट सांगितली पाहिजे. आठ लूमांवर दोन माणसं. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, पंधरा दिवसांनी उलटापालट. दोघं भेटणार ते सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, पाच-पाच मिनिटं. लूम थांबवायचे नाहीत. जाणाऱ्याने येणाऱ्याला घेऊन आठही लूमांसमोरून एक फेरी मारायची आणि खुणेने सांगायचं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की इथे धागा तुटतोय. नाकाला बोट लावलं की तेल कमी आहे. आणि कपाळाला बोट टेकवलं की धोटा उडतोय, समोर उभा राहू नको. धोटा म्हणजे तो टोकाला लोखंड असलेला लाकडी तुकडा, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारा. उडाला की माणूस बघत नाही, पार्टी तर मुळीच बघत नाही. पण माहीत असलं की काही होत नाही. बाजूला उभं राहायचं, लूम दुरुस्त करणारा मास्तर येईपर्यंत चालवायचं. सगळेच तसं चालवतात.

आठ वर्षांत ही फेरी कधी चुकली नव्हती. गंगारामचा बाप वारला तेव्हा मलकापूरच्या गाडीत बसण्याआधी तो पाच मिनिटं कारखान्यात येऊन खुणा करून गेला होता.

सोमवारी संध्याकाळी, पाळी बदलण्याआधी सुकदेव चहाला बाहेर आला, तर गेटाबाहेर गंगारामने गाठलंच. "काहून काढलं बे मले?"

"ग्रुप क्रिकेटचा आहे. राजकारण नको."

"मंग गजेंद्रले?"

"त्याचं मी बघतो."

"कधी बघतं?"

सुकदेव चिडला. "ॲडमिन मी आहे. तुला विचारून करू का सगळं?" गंगारामने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि आत गेला. त्या दिवशी फेरी झाली, पण दोघंही खांबासारखे ताठ. मंगळवारी सकाळी गंगाराम रातपाळी उतरला, त्यानेही आठही लूम दाखवले, एकही न गाळता, आणि डबा उचलून निघून गेला. सुकदेवला ते जास्त लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी दुपारी पाच नंबरचा धोटा दोनदा उडाला. एकदा तर खांबावर आदळून टवका काढून गेला. मास्तर भाच्याच्या लग्नाला नंदुरबारला गेलेला. सुकदेव बाजूला उभा राहून चालवत राहिला.

संध्याकाळी सातला गंगाराम आला. सुकदेवकडे बघितलं नाही, सरळ एक नंबरपाशी जाऊन धोट्यातली सुताची कांडी बदलायला लागला. सुकदेवने मनात म्हटलं, असं का? गरज तुला आहे ना, मग बघ माझ्याकडे. त्याने रुमाल झटकला, डबा घेतला आणि चालू लागला. अरे, बोलायचंसुद्धा नव्हतं! कपाळाला एक बोट टेकवायचं होतं, बस्स. तेवढ्यात कोणाचा मान जाणार होता? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. गेटापाशी त्याला पाच नंबर स्पष्ट आठवला. तो थांबला. मागे वळला. लांबून, दोन लूमांच्या मधून, गंगाराम त्याच्याकडेच बघत होता. चाळीस पावलं असतील.

सुकदेव बाहेर पडला.

रिक्षात बसल्यावर मन खायला लागलं तेव्हा त्याने मोबाईल काढला आणि टाईप केलं, "पाच नंबरचा धोटा उडतो, सांभाळ." टाकलं. कुठे टाकलं? सवयीने ग्रुपवर. सात वाजून चौदा मिनिटं. ज्याला दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या अंगठ्याने बाहेर काढलं, त्याच्यासाठी निरोप त्याच ग्रुपवर! घरी पोचेपर्यंत गजेंद्रचा अंगठा आला आणि कुणीतरी विचारलं, "किसको बोला भाई?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं. की आधीपासूनच लक्षात होतं? ते त्याचं त्यालाच ठाऊक. फोन लावून उपयोग नव्हता, त्या धडधडीत घंटी ऐकणार कोण? परत जायला वीस मिनिटं लागली असती. त्याने हातपाय धुतले आणि जेवायला बसला.

सकाळी उठला तर ग्रुपवर पावणेदोनशे मेसेज. गंगारामच्या डाव्या डोळ्यावर धोटा बसला होता. डोळा गेला होता.

आणि एकशे चाळीस माणसं काय करत होती? भांडत होती. दुसऱ्या पार्टीचे म्हणत होते, सुकदेवने मुद्दाम सांगितलं नाही, यांची वृत्तीच तशी. गजेंद्रने सुकदेवच्या मेसेजचा फोटो काढून चार वेळा टाकला, वेळेभोवती लाल गोल करून. "७:१४. आपल्या माणसाने लिहून कळवलं होतं. ज्याला वाचायचं नाही त्याला देव तरी काय करणार?" खाली हात जोडलेले, फुलं, झेंडे. मग एका शहाण्याने मांडलं की माणूस मुळातच स्वार्थी प्राणी आहे, दुसऱ्याने मांडलं की नाही, माणूस चांगला असतो, पार्ट्या त्याला बिघडवतात. दोन तास ते चाललं. मध्येच एकाने आजचा टॉस कोणी जिंकला म्हणून विचारलं, आणि त्याला मात्र लगेच उत्तर मिळालं. गंगाराम आता कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. सुकदेवनेही नाही.

कारखान्यात गुजराती मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "सुकदेवभाई, तमे तो कह्युं हतुं ने? लखेलुं छे ने?"

सांगितलं होतं ना, लिहिलेलं आहे ना, दोन्हीला सुकदेवची मान हलली. आपोआप हलली, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. मॅनेजरने त्याच्या मोबाईलवरच्या त्या मेसेजचा फोटो घेतला आणि खुश होऊन त्याच्यासाठी चहा मागवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. सुकदेव तो प्यायला.

दोन दिवस शोभाबाई दवाखान्यात गंगाराम आणि त्याची बायको रंभाबाई यांच्यासाठी डबा घेऊन जात होती. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुकदेव पाळीवरून आला तर ती दारातच उभी.

"रंभाताईले साहेबनी सांगं, तुमना माणूसनीच चूक शे. त्याले आगोदर लिखीसन कळाडेल व्हतं. कारखाना काहीच देवाव नही." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "तुम्ही त्याले सांगेल व्हतं का?"

"लिहिलं होतं."

"त्याले?"

सुकदेव चपला काढायला वाकला.

"नका काढू चपला," शोभाबाई म्हणाली. "चला."

दवाखान्यात गंगाराम भिंतीकडच्या खाटेवर होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, दुसरा डोळा सुजून मिटलेला. उशाशी रंभाबाई. तिने सुकदेवला पाहिलं. शोभाबाईने डबा तिच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"कोण हाय?" गंगारामने विचारलं.

"मी. सुकदेव."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

"तू गेटापाशी थांबला होता," गंगाराम म्हणाला. "म्या पाह्यलं."

"थांबलो होतो."

"काय आठोलं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. डबा राहिला का बघत होतो, असं म्हणता आलं असतं. "पाच नंबर," सुकदेव म्हणाला.

"मंग?"

"मंग काही नाही. गेलो." त्याने खाटेची कड धरली. "गंगाराम, राग डोक्यात बसला होता रे. माणसाचा स्वभाव असतो, रागाच्या भरात कोणीही..."

"माणसाचा नको सांगू मले," गंगाराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुया सांग."

सुकदेवला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, पण ते बघणारं तिथे कोणी नव्हतं. गंगारामला दिसत नव्हतं आणि रंभाबाई औषधाच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. तिने कोरा कागद काढला, पेन काढलं. सकाळपासून तयार ठेवलं असावं.

"भाऊ, हेच लिहून द्या," ती म्हणाली. "साहेबाले दाखवाले. नाही तं यायच्या कपाळी चूकही येते अन् डोयाही गेला."

सुकदेवला काय होणार ते समजत होतं. मॅनेजर हा कागद पाहील आणि संध्याकाळच्या आत त्याला गेटाबाहेर काढील. ग्रुपवरचे आपले म्हणतील, पैसे खाऊन फिरला. त्यांचे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? त्याने खाटेच्या कडेवर कागद ठेवला. दिवसाला शंभर मेसेज मारणारा हा माणूस, पण हाताने लिहून किती वर्षं झाली होती. अक्षर लहान पोरासारखं तिरपं आलं. मंगळवारी संध्याकाळी पाच नंबरचा धोटा उडतो हे मला माहीत होतं. गंगारामला मी सांगितलं नाही. त्याला कळेल असं कुठेही लिहिलं नाही. चूक माझी आहे.

रंभाबाईने ते हळू आवाजात, एकेका शब्दावर थांबत, नवऱ्याला वाचून दाखवलं.

"तारीख टाकली का?" गंगारामने विचारलं.

सुकदेवने तारीख टाकली. पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. रंभाबाईने कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो बटव्यात ठेवला. मग डबा उघडला, खिचडी कालवली आणि गंगारामच्या ओठांना चमचा लावला. तो सावकाश चावत होता. सुकदेव उभा होता. बसा असं कोणी म्हणालं नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही.

चार-पाच घास झाल्यावर रंभाबाईने वर बघितलं आणि त्याच्यापुढे हात केला. सुकदेव घाईने दोन पावलं पुढे सरकला.

"पेन," ती म्हणाली.