पाटीच्या मापाच्या वहाणा

मी फुलाबाई. बाळे गावाहून गिरणीतल्या कामगारांच्या भाकरी डोक्यावरनं नेते. पाटीत चाळीस गठुडी, दीड कोस वाट, आन् दुपारचा भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचं. बारा वरसांत एकदाबी उशीर न्हाय. पण यंदा पायानं दगा दिला. टाचा फुटल्या, रगात यायला लागलं.

पोरगा महिपती म्हणाला, "आई, आठ दिवस बघतो. न्हाय बरं झालं तर पाटी खाली. घरात बस."

घरात बस! अगं बया! सुनेच्या फोडणीला नावं ठेवत बसण्यापरीस मेलेली बरी.

म्हणून वहाणा शिवणाऱ्या येडूकडं गेले. त्यानं मला ओट्यावर बसवून सुतळीनं माप घेतलं. दुकानात वहाणा झकास बसल्या. पण पाटी घेऊन अर्ध्या वाटेवर गेले, तर पट्टा असा आवळला की सोय न्हाय. फोड आला.

"येडू, माप माझ्या पायाचं घेतलंस का तुझ्या सासूच्या?"

मंग त्यानं त्या चांगल्या दोन बोटं मोठ्या केल्या. आता त्या नुसत्या निसटायच्या. ह्यातच सहा दिवस गेलं.

सातव्या दिवशी भरली पाटी घेऊनच त्याच्या दारात भांडायला उभी ऱ्हायले. मी तोंड सोडलं, पण येडू माझ्या पायाकडंच बघत बसला.

"मावशी, पाटी उतरवू नगा. तशाच उभ्या ऱ्हावा."

त्यानं खाली कागद सरकवला आन् पायाभोवती कोळशानं रेघ वढली. मंग पाटी उतरवायला लावून त्याच कागदावर दुसरी रेघ. दोन रेघांत चांगलं बोटभर अंतर!

"ओझ्याखाली पाय पसरतोय, मावशी. डावा तर लईच. मी येड्यावानी बसल्या पायाचं माप घेतलं."

बारा वरसांत माझ्या पायाकडं कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भांडण तितंच ऱ्हायलं.

आठव्या दिवशी सकाळी नव्या वहाणा घातल्या, डावी जरा रुंद. फाटकाशी पोचले तवा भोंग्याला येळ होता. पाय दुखतोय का, हे बघायचंच इसरले.

संध्याकाळी मी अंगणात फिरताना महिपतीनं बघितलं. वहाणा फटक फटक वाजत हुत्या.

"आई, ढिल्या हायत की! परत फसवलं तुला. आता बस घरात."

"हांडा ठेव माझ्या डोक्यावर. भरलेला."

त्यानं ठेवला. मंग खाली वाकून पट्ट्यात बोट घालाया गेला. बोट शिरंना.

"बघितलंस? डोक्यावर ओझं असलं तरच ह्या बसत्यात. घरात बसले तर वाया जात्याल की रं!"

महिपती हसला. हांडा उतरवून घेत म्हणाला, "उद्या किती गठुडी?"

"बेचाळीस," मी म्हणाले.