कातड्याचा तुकडा

रुहीने नकाशावर ग्रीसला लाल टाचणी टोचली आणि दुसऱ्या हाताने आपलं निळं दप्तर उंच धरलं.

"जुन्या ग्रीकमध्ये डिफ्थेरा म्हणजे कातडं. लोक त्याच्यावर लिहायचे. मग तो वर्ड ट्रॅव्हल झाला. पर्शियात दफ्तर, मग अरब लोकांकडे, मग आपल्याकडे. सो, दप्तर इज अ लेदर वर्ड!"

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या लायब्ररीतल्या त्या खोलीत रविवारची मराठी शाळा भरली होती. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या आप्पांनी सगळ्यांत जोरात. नातीकडे ते महिन्याभरासाठी साताऱ्याहून आले होते. शेजारी त्यांचा मुलगा नकुल अंग चोरून बसला होता.

कारण साताऱ्यात आप्पांनी उभा जन्म कातडंच शिवलं होतं. चपला, पट्टे, शाळेची दप्तरं. त्यावरच नकुल इंजिनिअर झाला. इथे मात्र कुणी विचारलं की तो सांगायचा, वडील बँकेत होते. कातड्याचं काम म्हटलं की पुढचा प्रश्न जातीचा येतो, आणि तो त्याला नको होता. थाप एकदा मारली, मग अंगवळणीच पडली. रुहीलाही तेच ठाऊक होतं. आप्पांना मात्र या थापेचा पत्ता नव्हता.

रुहीने दुकानातून आणलेला कातड्याचा एक तुकडा सगळ्यांच्या हातांतून फिरू लागला. आप्पांनी तो दुमडून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. म्हातारा कसा खुलला!

"शेळीचं आहे. झकास कमावलंय."

शाळेच्या सरलाकाकू चकित झाल्या.

"अय्या, काका, तुम्हाला यातलं कसं काय कळतं? नकुल तर म्हणाला होता, तुम्ही बँकेत होतात!"

नकुलच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग तुकडा शेजारच्या बाईंच्या हाती दिला.

"बँकेतच होतो," ते हसून म्हणाले. "शेजारी एक दुकान होतं. तिथं बघून बघून कळायला लागलं."

नकुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप खोटं बोलताना त्याने आजवर पाहिला नव्हता. बोलायची हीच वेळ होती. त्याने पाण्याची बाटली उघडली आणि घोटभर प्यायला.

निघताना रुही मैत्रिणींशी बोलत मागे राहिली. पार्किंगमध्ये नकुलने गाडीचं दार उघडलं.

"आप्पा, मी..."

"राहू दे रे."

आप्पा आत बसले. त्यांना बेल्ट लावता येईना, म्हणून नकुलने वाकून लावला. तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले,

"कुठल्या बँकेत, कुठल्या शाखेत होतो, तेवढं सांगून ठेव. पोरीनं विचारलं तर माझं चुकायला नको."