सेत्सूच्या डगल्याचं बत्तिसावं ठिगळ

उद्या सेत्सूच्या मरणाचा एकोणपन्नासावा दिवस. मंत्रपठण आटोपलं की तिच्या वस्तू आठवण म्हणून वाटायच्या. शिवणाची पेटी तिची मैत्रीण हात्सुनोला, लोणच्याची बरणी दुसरी मैत्रीण योनेला, हे बिनबोभाट ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते निळ्या डगल्यापाशी.

डगला तोमोएला हवा होता. सेत्सूची ही एकुलती एक लेक, वय चव्वेचाळीस, सेंदाईला ग्रंथालयात नोकरी. पण तो तिसरी मैत्रीण किवा हिलाही हवा होता, आणि तिचा दावा काही पोकळ नव्हता. त्यावरच्या एकतीस ठिगळांपैकी नऊ तिने दिलेली. शिवाय गावची रीतच तशी: ठिगळांचं कापड जायचं ते सुई चालवणाऱ्या हाताकडे. कपाटात घडी घालून ठेवणाऱ्याकडे गेलं की ते मेलंच म्हणायचं. आणि तोमोएने शाळा सुटल्यापासून साधं बटण लावलं नव्हतं.

“एक ठिगळ लाव,” किवा म्हणाली. “आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. मी ओढून बघणार. टिकलं तर डगला तुझा. निघालं तर माझा, आणि मग मुळुमुळु रडायचं नाही.”

“किवामावशी, मला येत नाही गं.”

“ते दिसतंच आहे. म्हणून तर पैज लावतेय!”

बाहेर समुद्राकडून बर्फ आडवा येत होता. चौघी कोतात्सूभोवती बसल्या, मेजाखालच्या उबेत पाय सोडून, मेजाच्या फळीखालून लोंबणारी गोधडी कमरेपर्यंत ओढून. ठिगळ कशाचं लावायचं यावर तोमोए विचार करतेय तोवर हात्सुनोने कात्री चालवली आणि तिच्या सदऱ्याचा खिसाच उतरवून घेतला.

“अहो मावशी! नवा होता!”

“नवं कापड दोन धुण्यांत जुनं होतं. धर.”

तोमोएने काखेतल्या भोकावर खिसा ठेवला. शेजारीच एक पांढुरकं, मऊ ठिगळ होतं. लहानपणी आईच्या पाठुंगळीला असताना तिचा गाल नेमका तिथे टेकायचा. तिने त्यावरून बोट फिरवलं. “हे कुठलं?”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग योनेच्या खांद्यांना हिसके बसू लागले.

“सांग की,” किवा म्हणाली.

“आमच्या ह्यांचा लंगोट,” योने म्हणाली आणि तोंडाला पदर नसल्यामुळे तिने मेजावरचं संत्रंच लावलं. “धुतलेला हो! दोनदा!”

तोमोएने गालाला हात लावला. अठ्ठेचाळीस दिवसांत त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. पहिल्यांदा फुटली ती योने, मग हात्सुनो, मग भिंतीपलीकडचा कुत्रासुद्धा भुंकायला लागला. तोमोएने हसू दाबून पाहिलं. ते नाकावाटे निघालं.

“पुरे! सुई घे,” किवाने दटावलं. “आणि सुई हलवू नकोस. कापड हलव. कापड सुईवर चढव, मोज्यात पाय घालतात तसं.”

तोमोएने कापड चढवलं. चार टाके झाले, पाच झाले. एक तांदळाएवढा, पुढचा सुरवंटाएवढा.

“ही काय भाताची पेरणी चाललीय का गं?”

“दोरा ओढू नको एवढा! आता अंगठ्याने निरप. निरप म्हणजे काय? शेपूट धरून मासा सरळ करतेस ना, तसं.”

“मी मासे तयार कापलेले आणते.”

“अगं सेत्सू, ऐकतेस का हे?” किवा देव्हाऱ्यातल्या फोटोकडे वळून म्हणाली. मग संत्र्याची फोड उगाच सोलत बसली.

तोमोए दातांत जीभ धरून शिवत राहिली. सुई कधी सहज जाई, कधी जड. जड गेली की ती जोर लावी. तिला वाटलं, डगल्याचे थरच जाड आहेत. शेवटचा टाका मागे वळवून तिने दोरा तोडला आणि नेमक्या त्याच वेळी दार सरकलं. उद्याची वेळ ठरवायला मठातले गुरुजी आले होते.

“या, या गुरुजी!” डगला छातीशी धरून तोमोए अदबीने झटकन उठली.

तिच्याबरोबर गोधडीही उठली. गोधडीबरोबर मेजाची फळी. चहाचे पेले घसरले, संत्री गुरुजींच्या पायांपर्यंत गडगडली, आणि तीन म्हाताऱ्यांचे सहा पाय भर उजेडात उघडे पडले. त्यात हात्सुनोच्या मोज्यातून, जी साऱ्या गावाचे मोजे शिवते तिच्याच मोज्यातून, दोन्ही अंगठे बाहेर आलेले.

गुरुजींनी खाली वाकून एक संत्रं उचललं. “मी नंतर येऊ का?”

योने हसून आडवीच झाली होती. हात्सुनो हसावं की अंगठे झाकावेत या पेचात दोन्ही करत होती. तोमोए डगल्याला शिवल्या गेलेल्या गोधडीसकट उभी, हसून हसून तिच्या डोळ्यांना धार लागलेली. त्यातली कुठली कशाची, ते तिने पाहिलं नाही.

“थांबा!” किवा उठली. “पैज बाकी आहे. योने, गोधडी धर. सोडायची नाही.”

तिने डगला दोन्ही हातांनी पकडला, पाय रोवले आणि ओढला. योने चटईवरून सरपटत पुढे आली. टाके ताठ झाले, वेडेवाकडे, जाडेभरडे. एकही सुटला नाही. किवाने पुन्हा ओढलं, या वेळी खोटं नव्हे, सगळी ताकद लावून. तिला तो डगला खरोखरच हवा होता.

मग तिने हात सोडले. थोडा वेळ धापा टाकत राहिली.

“बैलसुद्धा बांधता येईल,” ती म्हणाली. “घे. तुझा.”

गोधडी सोडवण्यासाठी तोमोए टाके उसवायला लागली तशी किवाने तिच्या मनगटावर चापट मारली. “लागलेलं उसवायचं नाही!” आणि कात्री घेऊन तिने गोधडीच्या खोळीचा तेवढा तुकडा कापून डगल्याला आतून ठेवला. गोधडीला वीतभर भोक पडलं, कापूस डोकावला, आतली ऊब भसकन बाहेर आली.

“माझे पाय गारठले!” योने ओरडली. “आता हे कोण शिवणार?”

तोमोएने डगला अंगात घातला. बाह्या आखूड होत्या. ती बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

“हात्सुनो,” किवा म्हणाली, “पळ, स्वयंपाकघरातून भाजी कापायची फळी आण. कापडाखाली घालू. नाहीतर आता ही आपल्यालाच शिवेल.”