तीन फुटांचा ओटा

१९७९ सालच्या मार्चमधली गोष्ट. मल्हारीने खांद्यावरचा पंचा झटकला, फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघांमध्ये तो सरळ उताणा झोपला, हात अंगाशी घेतले आणि आभाळाकडे बघत म्हणाला,

"पुंजा, बघ रं. पाय भाईर जातात का?"

वाळू गवंडी हसला. शेजारच्या प्लॉटवर विटा उतरवणारे हसले. पुंजारामही हसला, कारण मोठा भाऊ काही बोलला की हसायचं ही त्याची लहानपणापासूनची सवय. हसली नाही ती फक्त पुंजारामची बायको, यशोदाबाई. ती डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. लोक घर मोजायला टेप आणतात, हा माणूस अंग घेऊन आलाय, असं तिच्या मनात आलं.

जेलरोडच्या मागच्या माळावर बारा बाय चोवीसचा तो प्लॉट. पतपेढीचं कर्ज, दोन भिशा आणि तिच्या हातातल्या बांगड्या, एवढं घालून तो झाला होता. पुढची खोली, मागे स्वयंपाकाची, कोपऱ्यात मोरी आणि दारासमोर तीन फुटांचा ओटा. फक्कीने आखलेलं घर आहे त्याहून लहान दिसतं, भिंती उठल्या की ते मोठं होतं, हे वाळूने दोनदा सांगितलं होतं. पण त्या रेघांकडे बघून सकाळपासून जो तो "खुराडं काढताय का?" असं विचारत होता आणि आता तर थोरल्या दिराने त्यात अंथरूणच टाकलं होतं.

मल्हारी उठून बसला. पाठीला लागलेली फक्की त्याने झटकली नाही.

"हा ओटा लय बेस काढला," तो म्हणाला. "विंचुरात आपल्या बापानं सारा जलम दुसऱ्याच्या ओट्याखाली उभ्यानं काढला. पुंजा, तिला सांग, मला आत जागा नको. कवा आलो तर हितं बसन, सुपारी कातरन, हितंच आडवा व्हईन."

'तिला सांग' म्हणजे तीन हातांवर उभ्या असलेल्या यशोदाबाईला सांग. थोरल्या दिराशी घरच्या सुनेनं तोंडानं बोलायचं नाही आणि दिरानं तिच्याशी बोलायचं नाही. जे काय असेल ते नवऱ्याला सांगायचं, नवरा नसेल तर भिंतीला. दीक्षा घेतली तेव्हा देव गेले, उपास गेले, अंगारे गेले. हे तेवढं राहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिला ती रीत फार सोयीची वाटायची. कांद्याच्या मार्केटात पोती वाहणाऱ्या, बायकामुलं नसलेल्या, नाक पंच्याला पुसणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? त्याने पोती वाहून पुंजारामला मॅट्रिक केलं, म्हणून पुंजाराम छापखान्यात चिकटला, हे तिला माहीत होतं. पुंजाराम ते महिन्यातून चारदा सांगायचा. ऐकून ऐकून त्याचीही किंमत गेली होती.

दोघे भाऊ चहाला गेले, तशी ती वाळूजवळ आली.

"वाळूभाऊ, ही पुढची रेघ राहू द्या. ओटा नको."

"का हो वहिनी? नकाशात हाय की."

"सिमेंट पुरायचं नाही."

"तीन फुटाला असं किती सिमेंट लागतंय? अन् भाऊ तर म्हणत होते..."

"घर माझं आहे की भाऊंचं?"

आणि तिने चपलेने रेघ पुसायला सुरुवात केली.

सिमेंट हे निमित्त. तेव्हा सिमेंट कंट्रोलचं होतं, परमिटावर मिळायचं, त्यामुळे तसं सांगितलं की कुणाला काही विचारायला तोंड राहायचं नाही. खरं कारण नाशिकरोडला त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या पुढल्या बाजूला राहत होतं. मालकीणबाईंच्या घराला शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा होता. नऊ वर्षं यशोदाबाईने त्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून तांदूळ निवडले. वर बसायची मुभा नव्हती. "ओट्यावर नको गं, येणाऱ्याजाणाऱ्याला बरं दिसत नाही," एवढंच मालकीणबाई म्हणायच्या, तेही गोड आवाजात. घराचा नकाशा दाखवायला ती मोठ्या हौसेने गेली, तेव्हा मालकीणबाईंनी ओट्यावर बोट ठेवलं.

"हे कशाला? आता कोण बांधतं ओटे? रिकामटेकडी माणसं येऊन बसतात, थुंकतात. ब्लॉकला कुठं ओटा असतो का?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "येईन हो मी बघायला, घर झालं की."

स्वतः ओट्यावर बसूनच त्या हे बोलत होत्या. पण ते यशोदाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. घर बघायला येईन म्हणाल्या, हेच तिने धरून ठेवलं. त्यांनी यावं, दारातून आत यावं, खुर्चीवर बसावं आणि दारासमोर विंचूरचा हमाल पाय पसरून सुपारी कातरत नसावा. तिच्या घराचा खरा नकाशा तो एवढाच होता.

मल्हारी चहाचा ग्लास घेऊन परत आला तेव्हा ती शेवटचा हातभर तुकडा पुसत होती. त्याने पुसलेल्या जागेकडे बघितलं, मग तिच्या पांढऱ्या झालेल्या चपलेकडे. तिनेही चपलेकडेच बघितलं.

"सिमेंट पुरत नाय म्हणतात वहिनी," वाळू म्हणाला.

मल्हारीने चहाचा घोट घेतला.

"मंग सिमेट आणू की. पुंजा, तिला सांग, दोन पोत्यांचं मी बघतो."

सिमेंट म्हणजे काय कांदा वाटला का? यशोदाबाई घरी येऊन पुंजारामला म्हणाली, "तुमच्या भावाला परमिट कोण देणार? मार्केटात उभं राहून लिलाव पुकारायचाय का?"

पण बाराव्या दिवशी मल्हारी खरोखरच दोन पोती एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला. स्टँडवरून जेलरोडपर्यंत ती त्याने हातगाडीवर आणली, हमाल केला नाही. पोती उतरवून ठेवत म्हणाला, "ही ओट्याची." आणि आलाच आहे तर भिंतींना पाणी मारायला राहतो म्हणाला. नव्या भिंतींना दिवसातून तीनदा पाणी लागतं, ते मारायला माणूस ठेवायचा म्हणजे मजुरी. यशोदाबाईने हिशेब केला आणि त्याला राहू दिलं.

तो एकवीस दिवस राहिला. सार्वजनिक नळावरून डबे भरून आणायचा, भिंती भिजवायचा, विटांच्या थप्पीआड झोपायचा. ती पुंजारामच्या हाती डबा पाठवायची. तीन भाकरी, वर एक कांदा. "कांदा कशाला, तो आणेल की घरचा," असंही एकदा म्हणाली. चौथी भाकरी तिने कधी बांधली नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी पुढच्या खोलीत कोबा करायचा होता आणि घरचं सिमेंट संपलं. वाळूने त्या दोन पोत्यांकडे बघून तिला विचारलं.

"फोडा," ती म्हणाली.

"ती ओट्याची हायेत, वहिनी."

"ओटा कुठं आहे?"

मल्हारी भिंतीला पाणी मारत होता. त्याने डबा खाली ठेवला, पोत्यांजवळ आला आणि सुतळी स्वतःच्या हाताने सोडून दिली. संध्याकाळी कोब्याभोवती मातीची वरंबी घालून त्याने वर पाणी साठवलं. सात दिवस त्या कोब्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. स्वतःही ठेवला नाही.

बुद्धपौर्णिमेला नव्या घरात वंदना झाली. पत्र्यांचं छप्पर, पण भिंतींना गिलावा, आत लखलखीत कोबा, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरी, दोन उसन्या खुर्च्या आणि खिरीचं पातेलं. माणसं जेवून गेली. मल्हारी बाहेर उन्हात उभा होता. आत उष्ट्या पत्रावळी उचलायच्या तेवढ्यापुरता यायचा.

चारच्या सुमाराला मालकीणबाई आल्या. रिक्षा करून आल्या होत्या. यशोदाबाई दारात धावली.

"या ना बाई, आत या. खुर्ची मांडलीय."

मालकीणबाईंनी रस्त्यावरूनच मान वाकवून आत बघितलं. तसबिरींकडे बघितलं, खिरीच्या पातेल्याकडे बघितलं.

"छान झालंय हो. टुमदार." मग त्यांनी पदराने वारा घेतला. "आत नको, इथंच बरी. हवा आहे." आणि दाराच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून म्हणाल्या, "हे काय, बसायला ओटा नाही का केलात?"

यशोदाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राहिला. ते पाणीही बाईंना नको असणार, हे तिला त्या क्षणी कळलं. खरं म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

मल्हारीने उरलेल्या विटांमधून सहा-सहाच्या दोन थप्प्या उचलून आणल्या, त्यांच्यावर सेंट्रिंगची फळी टाकली, खांद्यावरच्या पंच्याने फळी पुसली आणि बाजूला झाला. मालकीणबाई बसल्या. पाच मिनिटं उन्हाळ्याबद्दल बोलल्या, नारळ आणि ब्लाउजपीस फळीवर ठेवून उठल्या आणि रिक्षात बसून गेल्या.

मल्हारीने फळी उचलून भिंतीला लावली. विटा परत ढिगात नेऊन ठेवल्या. पुंजारामला म्हणाला, "येष्टीची येळ झाली."

"भाऊ, तुम्ही जेवला नाहीत," यशोदाबाई म्हणाली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. पदर डोक्यावरून घसरला होता, हातात तांब्या तसाच होता. पुंजारामने दचकून तिच्याकडे बघितलं. मल्हारीने बघितलं नाही. तो नव्या गिलाव्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता, आपण पाणी मारलेल्या.

"पुंजा," तो म्हणाला, "तिला सांग, म्हणावं पुढल्या बारीला."

त्यानंतर तो दोनदा आला. दोन्ही वेळा खुर्चीवर पाहुण्यासारखा बसला, पाय जवळ घेऊन. १९८६ च्या थंडीत विंचुरातच वारला. त्याची खोली आवरायला दोघं गेली, तेव्हा जमीन शेणाने सारवलेली होती, उंदरांनी कोपरे उकरलेले. पत्र्याच्या डबीत सुपारी, अडकित्ता आणि परमिटाची घडी निघाली. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी, सिमेंट, पोती दोन. पुंजारामने वाचून घडी परत तशीच घातली. तिला वाचून दाखवायची गरज नव्हती, तिला वाचता येत होतं.

वाळू पुढे ठेकेदार झाला आणि ब्लॉक बांधू लागला. मालकीणबाईंचं घर मुलांनी विकलं. त्या शेवटी तिसऱ्या मजल्यावर राहिल्या आणि गॅलरीच्या गजांना धरून खाली रस्ता बघत असायच्या. रस्ता रुंद झाला तेव्हा जेलरोडच्या मागच्या त्या गल्लीतले सगळे ओटे तुटले. यशोदाबाईचं घर तेवढं शाबूत राहिलं. "बाईंची अक्कल बघा, आधीच ओळखलं," असं गल्ली कितीतरी वर्षं म्हणत होती. पुंजाराम निवृत्त होऊन चार वर्षांनी गेला.

ती फळी मात्र यशोदाबाईने जळणात जाऊ दिली नाही. रोज संध्याकाळी दारासमोर विटांच्या दोन थप्प्यांवर टाकते आणि एका टोकाला बसून सुपारी कातरते. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवतात.

"घरात सोफा असताना रस्त्यावर काय बसता, आई?" सून दारातून म्हणते. "खेड्यातल्यासारखं! बरं दिसतं का?"

यशोदाबाई पदर पुढे ओढते आणि भिंतीकडे बघून म्हणते,

"सांग तिला, म्हणावं इथंच बरंय."